भाईंदर ते नायगाव, एक हडळ

सांगू नये, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, हल्ली भुतं चढतात. पास नाही, तिकीट नाही. बोरिवलीपर्यंत गर्दीत दिसत नाहीत. दहिसर गेलं, मिरा रोडला जरा टेकायला जागा झाली, की एकेकीच्या मोबाइलमधून बाहेर यायला लागतात. परवा माझ्या शेजारची, चांगली बँकेत नोकरी करणारी, मंगळागौरीला दणकून फुगड्या घालणारी बाई एकदम ‘आई गं!’ म्हणाली आणि तिचा रिकामा डबा खडखडत माझ्या पायाशी आला. माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, घरून काही वाईट बातमी? तर म्हणते, ‘काही नाही हो ताई, पलंगाखालून हात आला.’

कुणाचा हात? कसला पलंग? आपण साडेसहा वाजता, उजेडात, चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर टाकून बसलोय, आणि हिच्या पलंगाखालून हात!

तर ही आहे नवी साथ. हॉरर शॉर्ट फिल्म. दोन मिनिटांची, चार मिनिटांची, फार तर बारा मिनिटांची. आणि या बायकांनी तिचं मोजमापही ठरवून टाकलंय बरं का. मिनिटं कोण मोजतंय? स्टेशनं मोजतात. वसई ते नालासोपारा एक छोटं भूत. भाईंदर ते नायगाव एक मध्यम हडळ, कारण मध्ये खाडी लागते, पाणजू बेट लागतं, पूल लागतो, जरा वेळ मिळतो. बोरिवलीपासून विरारपर्यंत बसायला मिळालं तर अख्खा वाडा, त्यातली विहीर आणि विहिरीतली सून, असा सगळा ऐवज उरकतो. परवा एकीला विचारलं, ‘कशी आहे गं ती फिल्म?’ तर म्हणाली, ‘चांगली आहे, पण नालासोपाऱ्याला संपत नाही, विरारच्या जिन्यावर संपते.’ जिन्यावर! तिथे माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि ही एका डोळ्यानं चेटकीण बघत उतरते.

मी बघत नाही असं नाही. पण मी बघते ते लोकांना नेमकं काय आवडतं याची माहिती असावी म्हणून.

एक काळ होता, या डब्यात मटार सोलले जायचे. गवार मोडली जायची, मेथी निवडली जायची, आणि एखादीच्या मुलीचं लग्न बोरिवली ते वसईदरम्यान जवळजवळ ठरायचं. ५ मे १९९२ला पश्चिम रेल्वेनं चर्चगेट ते बोरिवली अशी खास बायकांची गाडी सोडली, पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या गाडीत आम्ही डोहाळजेवणं केली आहेत, नवरात्रात रंग ठरवून नेसलो आहोत, दसऱ्याला दांडीला तोरणं बांधली आहेत. आता तिथे काय? दोघींत एक इअरफोन. डावा कान हिचा, उजवा तिचा. मध्ये वायरीवर लोंबकळणारं भूत. आणि दुसऱ्या मोकळ्या कानात, ‘पुढील स्टेशन, नायगाव.’

बरं, घाबरतायत कोण? ज्या बायका सकाळी विरारहून सुटणाऱ्या गाडीत, ती पूर्ण थांबायच्या आधी, पदर खोचून आत असतात, त्या. ज्या बोरिवलीला उतरणारीला विरार गाडीत चढल्याबद्दल असं काही ऐकवतात, की ती बिचारी पुढच्या जन्मीसुद्धा बोरिवली लोकलच पकडेल, त्या. जुलै २०१८मध्ये वसई-विरारमध्ये घरात पाणी शिरलं, रूळ बुडाले, तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत खोचून गॅसचा सिलिंडर माळ्यावर चढवणाऱ्या, त्या. आणि या घाबरतात कशाला? तर स्वीडनमधल्या एका फ्लॅटमधल्या दिव्याच्या बटणाला.

ही स्वीडनची भानगड सांगायलाच हवी, कारण या साथीचं मूळ शोधत गेलं की ते घर लागतंच. डेव्हिड सँडबर्ग नावाचा एक गृहस्थ. २०१३ साली त्यानं स्वतःच्या राहत्या घरात, स्वतःच्या बायकोला, लोटा लॉस्टनला, उभं करून ‘लाइट्स आउट’ नावाची फिल्म काढली. तीन मिनिटांचीसुद्धा नाही. गोष्ट काय? बाई झोपायला निघते. दिवा बंद करते, तर पॅसेजच्या टोकाला कुणीतरी उभं. दिवा लावते, कुणी नाही. बंद, आहे. लावला, नाही. संपली गोष्ट, जवळजवळ. पैसा म्हणावा तर खर्च झाला नाही, आणि इंटरनेटवर ती अशी पेटली की २०१६मध्ये हॉलिवूडनं त्याच्याचकडून तिचा मोठा सिनेमा करून घेतला. पुढे त्याच्या हाती ‘अ‍ॅनाबेल’ची बाहुलीही आली. आता सांगा, आपल्याकडे किती नवऱ्यांना, घरातल्या घरात बायकोला पॅसेजमध्ये उभं करून नशीब काढता येईल हे सुचलं?

तळमजल्यावरच्या काकूंना ती फिल्म मी दाखवली. माहितीसाठीच. त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाल्या, ‘हिच्या हातात बटण तरी आहे.’ पावसाळ्यात आमच्या भागात दिवे जातात तेव्हा बटण लावणं-बंद करणं हा प्रश्नच नसतो, सरळ मेणबत्ती. काकूंचं म्हणणं, भूत आमच्या पॅसेजमध्ये उभं राहिलंच तर सहा तास उभं राहील बिचारं, त्याला खुर्ची द्यावी लागेल.

या फिल्मांमधला खरा डांबिसपणा डोळ्यांशी नाही, कानांशी आहे. भुताला बघून कुणी दचकत नाही. दचकतो तो आवाजाला. आधी सगळं शांत करायचं, इतकं शांत की तुम्ही आवाज वाढवता. वाढवलात की संपलात. यालाच ‘जंप स्केअर’ म्हणतात, आणि त्याची गंमत १९४२पासूनची आहे. ‘कॅट पीपल’ नावाच्या सिनेमात एक बाई रात्री निर्मनुष्य रस्त्यानं चालली आहे, पाठीमागे कुणीतरी आहे असं तिला वाटतंय, आपल्यालाही वाटतंय, आणि एकदम कानाशी फिस्सकन मोठा आवाज. थिएटर हादरलं. तर ती होती बस! नुसती बस येऊन थांबली. निर्माता होता व्हॅल ल्यूटन, म्हणून सिनेमावाले या युक्तीला अजूनही ‘ल्यूटनची बस’ म्हणतात. वसईत ही युक्ती चालायची नाही. रात्री अकराला बस खरोखर आली तर आमचा माणूस घाबरत नाही, हात जोडतो.

आणि ते अंगावर काटा आणणारं संगीत? मी शोधून काढलं. वॉटरफोन नावाचं एक वाद्य आहे. स्टीलचं भांडं, त्याच्या कडेनं उभ्या सळ्या, भांड्यात थोडं पाणी. सळ्यांवरून व्हायोलिनचा गज ओढला की कण्हल्यासारखा आवाज निघतो. म्हणजे काय, तर अर्धवट भरलेलं पातेलं आणि झारा! माझ्या मोरीत हे संगीत रोज रात्री साडेनऊला वाजतं, त्याला कुणी हॉरर म्हणत नाही. हाडं मोडल्याचा आवाज काढायला हे लोक सेलरीच्या दांड्या मोडतात. आम्ही इतकी वर्षं डब्यात शेवग्याच्या शेंगा मोडत आलो. आम्हाला कुणी साउंड डिझायनर म्हटलं नाही.

आता आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंकडे वळू. त्या या सगळ्याच्या कडक विरोधात आहेत. मुलं रात्री अंधारात पाणी प्यायला उठत नाहीत, अशी तीन घरांतून तक्रार आली म्हणून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला: असल्या फिल्मा पाहणं जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं की नाही याची चौकशी करण्यात येईल. आमच्या वकीलकाकांनी तिथल्या तिथे समजावलं की २०१३चा तो कायदा भूत उतरवतो म्हणून माणसाला बडवणाऱ्यांसाठी, अंगात आल्याचं सांगून लुबाडणाऱ्यांसाठी आहे. मोबाइलमध्ये भूत बघून स्वतःच्या अंगावरची चादर ओढून घेणाऱ्यांसाठी नाही. त्यावर बाईंनी अंगठा दाखवला. पटल्याचा, असं आम्ही समजलो.

पण मी म्हणते, सेक्रेटरीबाईंनी फार सोवळं दाखवू नये. आम्ही एकाच चाळीत वाढलो. १९९३मध्ये ‘झी हॉरर शो’ सुरू झाला तेव्हा रामसेंची ती भुतं बघायला आमच्या खोलीत बारा माणसं, आणि त्यात ही पुढच्या रांगेत, उशी तोंडावर घेऊन, उशीच्या एका बाजूनं बघत. १९९५मध्ये ‘आहट’ आलं, तेव्हा तर हिला संडासला सोबत लागायची. तो संडास चाळीच्या टोकाला होता, सोबतीला मी जायचे. हे मी कुणाला सांगत नाही.

त्याच्याही आधी आमच्या घरात नारायण धारपांची पुस्तकं वाचनालयातून यायची, वर्तमानपत्राचं कव्हर घालून. कव्हर का, तर आजोबांना वाटावं अभ्यासाचं काही आहे. रत्नाकर मतकरींचा ‘खेकडा’ माझ्या मोठ्या बहिणीनं एका रात्रीत वाचला आणि पुढचा आठवडाभर आमच्या घरात दिवा बंद झाला नाही. मतकरी मात्र लबाड. त्यांच्या गोष्टीत भूत फारसं येतच नाही. येतो तो शेजारी, मुलगा, नवरा. म्हणूनच ती भीती उतरायला वेळ लागायची. नवरा काही नालासोपाऱ्याला संपत नाही.

धारपांचीच एक आतली गोष्ट सांगते, चहा घेता घेता ऐका. ‘तुंबाड’ तुम्ही पाहिला असेल. २०१८मध्ये आला तेव्हा थिएटरात फारसं कुणी फिरकलं नाही, आणि २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला! तर त्याचा दिग्दर्शक राही बर्वे लहान असताना मित्राबरोबर नागझिऱ्याच्या जंगलात गेला होता. मित्रानं रात्री एक गोष्ट सांगितली. हा टरकला. ती गोष्ट वर्षानुवर्षं डोक्यात. पुढे कळलं की ती धारपांची ‘आजी’. आणि आणखी पुढे पाहावं तर धारपांच्या त्या आजीचं माहेर थेट अमेरिकेत, स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’ नावाच्या कथेत! सिनेमाचं नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून. म्हणजे आजी अमेरिकेची, सांगणारा विदर्भातल्या जंगलात, आणि गाव कोकणातलं. स्थळं जुळवताना आम्हीसुद्धा एवढी लांबची ओढत नाही.

‘रात्रीस खेळ चाले’चं तर नावच काढू नका. २०१६मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही घाबरायला बसायचो. २०१९मध्ये दुसरा भाग आला आणि अण्णा नाईक नि शेवंता असे काही सुरू झाले की घराघरांतले पुरुष, ज्यांना मालिकांचा तिटकारा होता, ते जेवण लवकर उरकून टीव्हीसमोर. विचारलं तर म्हणे, ‘भुताचं बघतोय.’ भुताचं! शेवंता जिवंत असतानाचे भाग चालू होते ते.

त्याआधीच, २०१६च्या सप्टेंबरात, जिओ आलं होतं आणि डेटा पाण्यासारखा झाला. (वसईत राहून ‘पाण्यासारखा’ म्हणताना जरा चाचरायला होतं. आमच्याकडे पाणी टँकरनं यायचं आणि ते मोजून भरायचं. डेटा मात्र धो धो.) तेव्हापासून घरातली भीती फुटली. पूर्वी एका टीव्हीसमोर बारा माणसं एकदम किंचाळायची. आता बारा माणसं बारा वेळेला, बारा खोल्यांत, आणि तीही आवाज न करता, कारण शेजारी झोपलेत. लोकलचा डबा तेवढा राहिलाय जिथे एकीनं किंचाळलं की सातजणी विचारतात, ‘कुठली गं? लिंक पाठव.’ मला वाटतं या बायका भुतासाठी बघतच नाहीत. त्या सात जणींसाठी बघतात. पण हे माझं मत झालं. बँकवालीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘ताई, तुम्ही मध्ये बोललात, हात पुन्हा आलेला दिसलाच नाही.’

इथपर्यंत एकवेळ चालून गेलं असतं. पण आता आमची पोरं बनवायलाही लागली आहेत. आणि कुठे बनवतात? कुठे म्हणजे काय, किल्ल्यात!

वसईचा किल्ला इंटरनेटवरच्या झपाटलेल्या जागांच्या यादीत जाऊन बसलाय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला तिथे आजवर भेटली ती लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. लाल गाऊन, धुराची नळकांडी, आणि नवरदेवाला ‘जरा हसा’ म्हणून ओरडणारा फोटोग्राफर. ‘कोल्डप्ले’वाल्यांच्या २०१६च्या त्या गाण्याचं काही चित्रीकरणही इथलंच. एवढ्या वर्दळीत कुठलं भूत राहायला धजेल? जागेचे भाव बघता सोडूनही जाणार नाही म्हणा.

तर आमच्या बी विंगमधल्या कॉलेजच्या पोरांनी तिथे शॉर्ट फिल्म करायची ठरवली. दिवसा शूट करून रात्र दाखवणार होते, कॉम्प्युटरवर निळं करून. पटकथा मला वाचायला दिली, कारण मी विषयातली जाणकार असल्याची बातमी कुणीतरी फोडली होती. गोष्ट अशी: पडक्या चर्चमध्ये मध्यरात्री घंटा वाजते, आणि पांढऱ्या झग्यातली पोर्तुगीज बाई अवतरून विचारते, ‘तुम यहाँ क्यों आए हो?’

मी दोनच शंका काढल्या. पहिली भाषेची. ही बाई पोर्तुगीज. १५३४मध्ये वसई त्यांच्याकडे गेली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. दोनशे वर्षं त्या बाईचं खानदान इथे राहिलं, आजूबाजूला सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी बोली, आणि ही हिंदीत विचारते? पोरं म्हणाली, ‘काकू, व्ह्यूज हिंदीला येतात.’ म्हणजे मेल्यावरसुद्धा सुटका नाही.

दुसरी शंका घंटेची. म्हटलं, बाळांनो, घंटा वाजेल कुठून? वसई घेतल्यावर इथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, तिच्यावर १७२१ साल आहे. एक भीमाशंकरला, एक मेणवलीला. तुमच्या भुतिणीला मध्यरात्री घंटा वाजवायची तर तिला आधी नाशिकची गाडी पकडावी लागेल. त्यावर ती पोरं क्षणभर गप्प झाली. मग त्यांच्यातला एक, जो कॅमेरा धरतो तो, म्हणाला, ‘काकू, ही तर जास्त भारी स्टोरी झाली. ती घंटा शोधत फिरते.’ मला जरा बरं वाटलं. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

त्यांच्यातला नंदाखालचा मुलगा कुपारी, ख्रिस्ती. त्याला म्हटलं, तुला रे भीती नाही वाटत, चर्चच्या पडक्या भिंतीत संध्याकाळी? तो म्हणाला, भीती कसली, दर २ नोव्हेंबरला आम्ही सगळे सिमेट्रीत असतोच. खरंच आहे. मृतांच्या स्मरणाचा तो दिवस. आधी कबरी साफ करायच्या, मग फुलं, मग मेणबत्त्या. अंधार पडला की सगळी दफनभूमी उजेडानं भरून जाते, पोरं कबरींच्या मधून पळतायत, बाया उभ्या उभ्या बोलतायत, म्हातारी माणसं आपल्या माणसापाशी बसून आहेत. मी एकदा मैत्रिणीबरोबर गेले होते. तिची आजी कुठे आहे ते तिनं मला दाखवलं, शेजारी कोण आहेत तेही सांगितलं, आणि त्या दोघींचं जिवंतपणी फारसं पटत नव्हतं हेही. सर्वपित्रीला आम्ही कावळा शिवेना म्हणून ‘तुमच्या आवडीची आळूवडी पुढच्या वेळी नक्की’ असं कबूल करतो, त्यातलाच प्रकार. मेलेली माणसं म्हणजे शेवटी आपलीच, त्यांचे रुसवे माहीत असतात. ज्याचा रुसवा माहीत नाही असं भूत हवं असेल तर ते मोबाइलमध्येच बघावं लागतं.

आणि त्याच्या दोनच दिवस आधी, ३१ ऑक्टोबरला, आमच्या कॉम्प्लेक्समध्ये हॅलोविन! लहान लहान लेकरं तोंडाला लाल रंग फासून दारोदार चॉकलेटं मागतात. तळमजल्याच्या काकूंनी पहिल्या वर्षी दार उघडलं, समोर चार फुटांचा सांगाडा बघितला, आणि दिवाळीचा उरलेला चिवडा त्याच्या पिशवीत ओतून दार लावलं. सांगाडा रडत घरी गेला.

तर फिल्मची हकिकत राहिली. पांढऱ्या झग्याचा प्रश्न होता. पोरांनी कुणालाही न विचारता, गच्चीवर वाळत घातलेला तळमजल्याच्या काकूंचा पांढरा गाऊन उचलला. दोन रविवार शूटिंग चाललं. फिल्म पावणेपाच मिनिटांची झाली, म्हणजे साधारण भाईंदर ते नायगाव. मागच्या आठवड्यात अपलोड झाली, आणि त्याच संध्याकाळी आमच्या डब्यात सातजणींनी लागोपाठ पाहिली. घंटा शोधणारी ती बाई भिंतीच्या भगदाडातून वळून बघते तिथे बँकवाली पुन्हा ‘आई गं’ म्हणाली. डबा यावेळी तिनं आधीच पिशवीत ठेवला होता.

काकूंनी रात्री पाहिली. पुन्हा पाहिली. मग आठ वाजताच्या मीटिंगला, सगळ्यांसमोर, पोरांना उभं केलं. आम्हाला वाटलं, आता चोरीचा ठपका. सेक्रेटरीबाई तर वहीच उघडून बसल्या. काकू म्हणाल्या, ‘गाऊन नेलात ते नेलात. पण दुसऱ्या मिनिटाला कॅमेरा पाठीवर येतो तिथे खांद्याची शिवण उसवलेली दिसते. आठ हजार लोकांनी बघितली असेल. विचारलं असतंत तर टाका घालून, इस्त्री करून दिला असता.’

पोरं म्हणाली, आठ हजार नाही काकू, चारशे बारा.

‘मग पुढच्या वेळी साडीतलं भूत घ्या,’ काकू म्हणाल्या. ‘साडी मी देणार नाही.’